आठवड्याला आठशे मुलं

थायलंडमध्ये नोकरी करते म्हटलं की आपल्याकडच्या पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटतं. माझ्या काकांनी तर पट्टायापासून किती लांब, हेच आधी विचारलं. खूप लांब. मी राहते त्या फित्सानुलोकला समुद्र नाही. बँकॉकच्या उत्तरेला साधारण पावणेचारशे किलोमीटरवर, नान नदीच्या काठी वसलेलं हे जिल्ह्याचं गाव. नाव मूळचं विष्णुलोक, पण परदेशी पाहुणे इथे उतरतात ते बहुतेक सुखोथाईच्या जुन्या राजधानीची बस पकडायला.

इथल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. यातलं ‘शिकवते’ कितपत खरं, ते पुढे येईलच. इथलं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, ऑक्टोबरात सुट्टी, मग नोव्हेंबर ते मार्च दुसरं सत्र. म्हणजे आपल्या नाशिकला शाळा उघडायच्या बेतात असतात तेव्हा इथे अभ्यास रुळलेला असतो. इकडे यायचं मनात असलेल्या मैत्रिणींचे फोन सारखे येतात आणि प्रत्येकीला तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून जूनमधला हा एक आठवडा लिहून काढला.

सोमवार

साडेसातच्या आत शाळेत पोचून यंत्रावर बोटाचा ठसा द्यायचा. फाटकाशी त्या दिवशीच्या पाळीचे शिक्षक उभे असतात. आत येणारं प्रत्येक पोर त्यांच्यासमोर थांबतं, हात जोडतं, मान लववतं आणि मग पुढे जातं. उशीर झालेलंसुद्धा. धापा टाकत येईल, पण नमस्कार चुकवणार नाही.

सोमवारी थाई शिक्षक खाकी गणवेशात येतात. खांद्यावर पट्ट्या, छातीवर रंगीत फितींच्या रांगा. नवख्या माणसाला वाटेल, शाळेवर धाड पडली. पण इथे सरकारी शिक्षक हा राज्याचा अधिकारी असतो आणि आठवड्यातून एकदा तो तसा दिसलाच पाहिजे. आम्हा परदेशी मंडळींना खाकी नाही. आम्ही शाळेचं चिन्ह असलेला टी-शर्ट नाहीतर पिवळा. पिवळा हा सोमवारचा रंग. प्रत्येक वाराला इथे रंग आहे: मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी. आधीचे आणि आत्ताचे राजे दोघेही सोमवारी जन्मलेले, त्यामुळे पिवळ्याचा मान मोठा.

बरोबर आठ वाजता राष्ट्रगीत. फक्त शाळेत नव्हे. रेल्वे स्टेशनवर, बसस्टँडवर, रेडिओवर, सगळीकडे एकाच वेळी. दोन मुलं झेंडा चढवतात आणि गीताची शेवटची ओळ आणि झेंड्याचं टोक गाठणं यांचा मेळ बसवतात. मग बुद्धवंदना, मग प्रतिज्ञा, मग माइक. माइक एकदा हातात आला की मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि शिस्तीचे मास्तर तो सहजासहजी सोडत नाहीत. हजारो मुलं काँक्रीटवर मांडी घालून बसलेली, जूनचं ऊन डोक्यावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मला यात परकं असं काहीच वाटत नाही. भाषा समजत नाही, पण भाषणात काय चाललंय ते समजतं.

आज केस आणि नखं तपासायचा दिवस होता. लहान वर्गांतल्या मुलींचे केस कानापर्यंत कापलेले, मुलांचे जवळजवळ भादरलेले. खरं तर थाई शिक्षण मंत्रालयाने २०२० साली केसांचे नियम बरेच सैल केले. त्याच वर्षी ‘वाईट विद्यार्थी’ असं नाव घेतलेल्या शाळकरी मुलांच्या गटाने केसांवरून आणि गणवेशावरून मंत्रालयापर्यंत आवाज पोचवला होता. कागदावरचा नियम सैल झाला. पट्टी घेऊन रांगेतून फिरणारे मास्तर मात्र होते तसेच आहेत.

भाषणं लांबली आणि माझा पहिला तास वीस मिनिटांचा उरला. सोमवारी हे गृहीतच धरायचं. आत गेल्यावर वर्गनायक ओरडतो, सगळे उभे राहतात आणि एका सुरात: ‘गुड मॉर्निंग थीच्चा!’ मी विचारते, कसे आहात? त्यावर अख्खा वर्ग चालीत म्हणतो, आम्ही बरे आहोत, धन्यवाद, आणि तुम्ही? ताप आलेलं पोरही हेच म्हणतं. आपल्या ‘एक साथ नमस्ते’ची चाल वेगळी, जात तीच. फळ्यावर तारीख मुलं घालतात आणि २०२५च्या जागी २५६८ लिहितात. बुद्ध संवत इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे.

आता हिशेब. माझ्याकडे वीसेक तुकड्या, प्रत्येक तुकडीत चाळीसच्या आसपास मुलं, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास, तोही पन्नास मिनिटांचा. आठशे मुलं मला आठवड्यातून एकदा बघतात. झेंडावंदन लांबलं, स्काउटची कवायत आली, क्रीडास्पर्धेची तयारी आली, की तेही नाही.

मंगळवार

शाळेच्या पटावरची नावं पाली-संस्कृतातून आलेली आणि लांबलचक. ती कोणी वापरत नाही. प्रत्येकाला घरचं एक टोपणनाव असतं आणि शिक्षकही त्याच नावाने हाक मारतात. त्यातही हल्ली इंग्रजीची फॅशन: आइस, मिंट, बँक, गोल्फ, बेस्ट, फर्न, पोर्श. बारा वर्षांच्या एका गोड मुलाचं नाव बीअर आहे आणि ते मी भर वर्गात मोठ्याने घेते. एकाच तुकडीत तीन आइस असले की मोठा आइस, छोटा आइस आणि चष्म्याचा आइस.

तुकड्या हुशारीने लावलेल्या. पहिली तुकडी ‘किंग’ची खोली; तिथली मुलं खासगी शिकवणीतून व्याकरण करून आलेली, माझ्याकडून त्यांना चुका काढून हव्या असतात. शेवटची तुकडी म्हणजे बाकीच्या शिक्षकांनी सोडून दिलेली. मागच्या बाकावर एकजण झोपलेला, दोघी एकमेकींच्या ओठांना रंग लावताहेत. गंमत अशी, की इंग्रजी बोलायला सगळ्यात आधी तोंड उघडतात ती हीच मुलं. व्याकरण येत नाही त्यामुळे ते चुकायची भीती नाही. पहिल्या तुकडीतल्या मुलीला उभं केलं तर ती शेजारणीकडे बघते, शेजारीण तिच्या कानात सांगते, मग ती वाक्य मनात तीनदा घोळवते आणि तोवर घंटा होते. शेवटच्या तुकडीत बँक उठून विचारतो, ‘थीच्चा, यू हॅव बॉयफ्रेंड?’ वाक्याची दुरुस्ती मी फळ्यावर करते. उत्तर देत नाही.

जेवणाची सुट्टी. शाळेच्या खानावळीत ओळीने गाडे. भात आणि वर काहीतरी, तीस-चाळीस बाटमध्ये पोट भरतं. मी अंडं खाते, मांस-मासे खात नाही, आणि इथे मिठाच्या जागी माशाचा सॉस. ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा सॉस घालू नका, हे माझं पाठ झालेलं पहिलं थाई वाक्य. गाड्यावरच्या मावशी मान डोलावतात आणि ऑयस्टर सॉसची बाटली उचलतात. आता त्यांना सवय झाली आहे. मी दिसले की त्या आपणहून तव्यावर अंडं फोडतात आणि तुळशीची पानं, लसूण, मिरची परतून भातावर घालतात. ही तुळस आपल्या वृंदावनातल्या तुळशीचीच बहीण. तुळस मिरचीबरोबर परतून रोज खाते हे आईला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी नदीकाठी फिरायला जाते. तिथे स्पीकर लावून बायकांचा एरोबिक्सचा वर्ग चालतो. साठीच्या आज्या कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यावर उड्या मारत असतात. सहा वाजता ते गाणं बंद आणि राष्ट्रगीत सुरू. धावणारे थांबतात, आज्या थांबतात. संपलं की त्याच पायावर पुढची उडी.

बुधवार

आज मुलं स्काउटच्या गणवेशात. इथे स्काउट हा ऐच्छिक छंद नाही, अभ्यासक्रमाचा भाग आहे. सहाव्या रामाने, म्हणजे राजा वजिरावुधने, १९११ साली स्काउट चळवळ इथे आणली. त्यामुळे आठवड्यातला एक दिवस सगळी शाळा रुमाल-टोप्यांत. आयांचा इस्त्रीचा खर्च काय होत असेल कोण जाणे. खाकी, पांढरा, खेळाचा, स्काउटचा, सगळे वेगळे.

पण आज ना कवायत ना तास. उद्या ‘वाय ख्रू’, म्हणजे गुरुवंदनेचा सोहळा. वर्गावर गेले तर बाकं भिंतीला लावलेली आणि जमिनीवर केळीची पानं, झेंडूच्या राशी, टाचण्या. ‘फान’ नावाच्या उंच बैठकीच्या तबकात फुलांची रचना करायची असते. मुलगेही मुलींइतक्याच सफाईने केळीच्या पानाच्या घड्या घालत होते. शिस्तीच्या मास्तरांनी ज्याला सोमवारी केसांवरून झापलं होतं, तोच झेंडूच्या पाकळ्या एकेक करून चिकटवत बसला होता, जीभ दातांत धरून. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. एकीने येऊन, गुडघ्यांवर बसून (शिक्षक बसलेला असेल तर त्याच्यापेक्षा उंच उभं राहायचं नाही), मला विचारलं, ‘थीच्चा, हेल्प?’ आणि हातात एक जुडी दिली.

दूर्वा! अगदी आपल्या गणपतीच्या, तीन पात्यांच्या. थाईत तिला ‘या फ्रेक’ म्हणतात. गुरुवंदनेच्या तबकात ती लागतेच, सोबत रुक्मिणीची (इक्सोराची) तांबडी फुलं आणि वांग्याचं फूल. कारणं मुलीने तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितली. दूर्वा तुडवल्या तरी पसरत जातात, तसं ज्ञान पसरावं. रुक्मिणीची कळी टोकदार असते, तशी बुद्धी व्हावी. वांग्याचं फूल झाडावर खाली मान घालून असतं, तसं विद्यार्थ्याने असावं. तिसरं कारण सांगताना तिने स्वतःच डोळे फिरवले. मी एकवीसची जुडी बांधून दिली. एकवीस का, हे समजावायला माझं थाई अपुरं पडलं. तिने एक उपटून टाकली आणि जुडी तबकात खोचली, जागेत बसत नव्हती म्हणून.

पन्नास मिनिटांत चार धडे संपवल्यावर होतं त्यापेक्षा जास्त इंग्रजी आज झालं. पिन दे, हिरवा नको पिवळा, धरून ठेव, सोडू नको. गरज होती आणि परीक्षा नव्हती. माझ्या पाठटाचणात मात्र आजचा दिवस कोराच.

गुरुवार

वाय ख्रू बहुतेक शाळांत जूनमधल्या एखाद्या गुरुवारी होतो. गुरुवार हा बृहस्पतीचा, देवांच्या गुरूचा वार, हे इथेही चालत आलेलं आहे.

सभागृहात व्यासपीठावर आम्ही सगळे शिक्षक खुर्च्यांवर, खाली मुलं. आधी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती आणि उदबत्ती, मग सगळ्यांनी मिळून ‘पाचेरा चरिया होन्ति’ हा पाली श्लोक चालीवर म्हटला. उच्चार थाई, पण ‘आचार्य’ आणि ‘गुण’ कानाला लागतात. माझ्या शेजारी बसलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सहकाऱ्याला तो सूर म्हणून ऐकू येत होता. मला मधूनमधून शब्द ऐकू येत होते.

मग प्रत्येक वर्गाचे दोन प्रतिनिधी, एक मुलगा एक मुलगी, तबक घेऊन व्यासपीठावर आले. चालत नाही, गुडघ्यांवर. शिक्षकासमोर पोचल्यावर तबक पुढे करायचं, शिक्षकाने त्याला हात लावायचा, मग मुलांनी कपाळ जमिनीला टेकवायचं. माझ्यासमोर आलेला मुलगा मंगळवारी बॉयफ्रेंड विचारणारा बँक होता. चेहऱ्यावर रेषाही हलू दिली नाही पठ्ठ्याने.

याबद्दल माझं मत एकसारखं राहत नाही. वाकून नमस्कार करणं मला परकं नाही. परीक्षेला जाताना आजीच्या पाया पडूनच घराबाहेर पडत असे. पण ते घरात, आपणहून, एका माणसाच्या. इथे भोंग्यावरच्या सूचनेबरहुकूम शेकडो मुलांसमोर दोघांनी गुडघे घासत यायचं, याने मी अवघडते. माझ्या फिलिपिनो सहकारी बाईंना त्यात वावगं वाटत नाही. त्यांचं म्हणणं, हा सोहळा नसता तर या मुलांनी वर्षभरात आपल्याकडे एकदाही नीट बघितलं नसतं. त्यांचा मुद्दा खोडता येत नाही, म्हणून मी विषय बदलला.

मुलांना स्वतःला काय वाटतं ते तबकांवरून कळतं. बहुतेक पारंपरिक, पण वरच्या वर्गांनी एक तबक फुलांचा मोबाइल करून आणलं होतं, दुसऱ्यावर झेंडूचं कार्टून. दरवर्षी थायलंडभर अशा खट्याळ तबकांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरतात, कधी त्यात सरकारलाही चिमटे असतात. शिस्तीचे मास्तर त्या मोबाइलकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग हसले. बक्षीस अर्थातच पारंपरिक तबकाला.

शेवटी मुख्याध्यापकांनी एका पुस्तकावर गंधाचे ठिपके काढून ते मंतरलं. दुपारी शाळा भरली, पण नावालाच.

शुक्रवार

शुक्रवारी हातमागाचे कपडे. थाई शिक्षिका सुती-रेशमी ‘सिन’, म्हणजे लुंगीसारखं थाई वस्त्र, नेसून येतात, काठ इतके देखणे की मी स्टाफरूममध्ये फक्त ते बघत बसते. मी खणाचं झंपर घालून गेले आणि दिवसभर सगळ्यांनी कापड चिमटीत धरून बघितलं.

पगाराचा विषय इथेच उरकते. जाहिरातीतच ‘नेटिव्ह स्पीकर’ लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ पासपोर्टवरून ठरतो. ब्रिटिश, अमेरिकन, दक्षिण आफ्रिकन यांना एक आकडा. फिलिपिनो आणि आपल्यासारख्यांना त्याहून कमी, शिवाय इंग्रजीची परीक्षा देऊन दाखवा. तेच पुस्तक, तेच तास, तीच आठशे मुलं. फिलिपिनो बाई बी.एड. समकक्ष पदवी घेऊन पंधरा वर्षं शिकवताहेत. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाची पदवी पर्यटनाची. तो पोरगा सज्जन आहे, त्याचा काही दोष नाही. पण गोरा चेहरा वर्गाबाहेरच्या फलकावर छापता येतो आणि पालकांना तो हवा असतो. येणाऱ्यांनी करार नीट वाचावा: एजन्सीमार्फत आलात तर मार्च-एप्रिलची सुट्टी बहुतेक वेळा बिनपगारी असते. नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेची दोन वर्षांची तात्पुरती परवानगी, ही तीन कागदपत्रं लागतात; व्हिसाही हातात नसताना ‘आधी या, मग करू’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. व्हिसा झाल्यावरही दर ९० दिवसांनी आपण कुठे राहतो ते इमिग्रेशनला कळवावं लागतं.

मुलांचं मात्र वेगळं. त्यांच्या डोक्यात माझं खातं अजून ठरलेलं नाही. गोरी नाही म्हणजे ‘फरांग’ नाही. भारतीयांना इथे ‘खेक’ म्हणतात, आणि काही मुलांचा पहिला अंदाज असतो की मी रोटी विकत असणार; केळं आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली रोटी इथल्या गाड्यांवर फार खपते. काहीजणी टीव्हीवरच्या थाईत डब केलेल्या पौराणिक मालिकांमुळे मला सीतेच्या माहेरची समजतात. चित्रकलेच्या शिक्षकांच्या कपाटावर गणपती आहे. इथे तो कलांचा देव, ललित कला विभागाच्या बोधचिन्हावरही तोच. दूर्वांची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी शाळेच्या मैदानावरून लगेच आणून वाहिल्या.

दुपारी गुणपत्रकांचं काम. इथे गुण शून्य ते चार. शून्य पडलं की पुन्हा परीक्षा, तीही जमली नाही तर एखादा प्रकल्प, वही सजवून आण, काहीतरी कर, आणि एक घे. नापास करून त्याच वर्गात बसवायची पद्धत जवळजवळ नाहीच. आमच्या विभागप्रमुख बाई शांतपणे सांगतात, शून्य दिलंत तर ते पुसेपर्यंतचं काम तुमचंच. ई. एफ. (एज्युकेशन फर्स्ट) या खासगी शिक्षण कंपनीच्या २०२४च्या इंग्रजी क्रमवारीत थायलंड ११६ देश-प्रदेशांत १०६ व्या जागी होतं. यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात, शाळा आणखी परदेशी शिक्षक मागवतात, आणि त्या शिक्षकाला पुन्हा वीस तुकड्या मिळतात. आठशेऐवजी ऐंशी मुलं द्या, वर्षभरात बोलती करून दाखवते, असं मी बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, मग उरलेल्या सातशेवीस मुलांच्या पालकांना काय सांगू?

शनिवार

वात याय. गावचं मोठं देऊळ. फ्रा फुत्था चिन्नरात ही इथली सोनेरी बुद्धमूर्ती देशातल्या सर्वांत देखण्या मूर्तींमध्ये धरली जाते; बँकॉकच्या संगमरवरी देवळात हिचीच प्रतिकृती बसवली आहे. मूर्तीभोवती ज्वाळेसारखी प्रभावळ, मागची भिंत गर्द. दारं शिंपल्यांच्या जडावाची, १७५६ साली राजा बोरोम्माकोटने दिलेली. शनिवारी गर्दी फार. ‘थीच्चा!’ अशी हाक आली की ओळखायचं, आठशेंपैकी कोणीतरी. नाव आठवत नाही, पण ‘आइस’ म्हटलं की बरेचदा लागू पडतं.

देवळाबाहेर बांग क्राथुम तालुक्यातली उन्हात सुकवलेली केळी मिळतात. वसईची सुकेळी खाल्लेल्या माणसाने दोन पाकिटं जास्तीच घ्यावीत. रात्री बाजारात पाण्यातली एक पालेभाजी कढईतून उंच उडवतात आणि वाढपी ती ताटलीत झेलतो. पर्यटक टाळ्या वाजवतात. भाजी बरी असते. माशाचा सॉस आधीच पडलेला असतो.

रविवार

कपडे नाण्यांच्या यंत्रात टाकले, आईला फोन केला (इथलं घड्याळ दीड तास पुढे, त्यामुळे तिचा चहा आणि माझा नाश्ता एकाच वेळी होतो), दुपारी पाऊस. पुढच्या आठवड्याचा पाठ तयार केला: बाजारात भाव विचारणे. तबकं बनवतानाचे शब्दही त्यात घातले, पिन, पान, धर, सोड.

संध्याकाळी शाळेच्या ‘लाइन’ ग्रुपवर (लाइन म्हणजे इथलं व्हॉट्सअ‍ॅप) थाईत लांबलचक निरोप आला. भाषांतर करून बघितला. डासांसाठी धुराची फवारणी, सोमवारी पहिले दोन तास रद्द, शिक्षकांनी पिवळ्या शर्टात साडेसातला हजर राहावे. त्या दोन तुकड्यांतली ऐंशी मुलं आता पुढच्या सोमवारी. मी अंगठा वर केलेलं स्टिकर पाठवलं आणि पिवळा शर्ट वाळत घातला.